दर महिन्याला तीन फोटो: मुंबईतल्या पहिल्या प्रिंट-विक्रीची गोष्ट

हे पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप आहे. बोलण्याच्या ओघातली पाल्हाळं थोडी छाटली आहेत, बाकी जसंच्या तसं.

 

आजचा विषय तुमच्या खिशातच आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर, आरे-वारेच्या वळणावर, रत्नदुर्गावर रोज संध्याकाळी ढिगाने फोटो निघतात. त्यातले काही खरंच चांगले असतात. मग कुणीतरी मित्र म्हणतो, "अरे, प्रिंट काढून विक ना!" आणि गाडी तिथेच अडते. कोणते फोटो निवडायचे? किंमत काय लावायची? आणि मुळात अनोळखी माणूस आपला फोटो पैसे देऊन का घेईल?

हे प्रश्न मोबाइलबरोबर आलेले नाहीत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत काही लोक याच प्रश्नांशी झटत होते. त्यांनी काढलेली उत्तरं आजही उपयोगी पडतात. आणि त्यांनी एक गोष्ट चुकवली, तीही आपल्याला माहीत असायला हवी.

मुंबई, १८५४

३ ऑक्टोबर १८५४. मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. भारतातली अशी ही पहिली संस्था. पॅरिसमध्ये डागेरने आपली पद्धत जाहीर केली ती १८३९ मध्ये, म्हणजे फोटोग्राफी तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. सोसायटी उभी करणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. हो, तेच, ज्यांच्या नावाचं म्युझियम भायखळ्याला आहे. हे कुटुंब मूळचं पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचं. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि ते तर फोटोग्राफीत इतके शिरले की त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला.

पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. शिकवायला होते क्रॉफर्ड नावाचे साहेब. त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण नावाचा विद्यार्थी बाहेर पडला, आणि मुंबईत धंदा म्हणून फोटोग्राफी करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांत त्याचं नाव लागलं. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने काढलेली व्यक्तिचित्रं मांडली होती. वर्गातून बाहेर पडल्यावर बारा वर्षांत पॅरिस! तेव्हा ना इन्स्टाग्राम, ना रील.

एक प्रिंट म्हणजे किती मेहनत

आता जरा थांबून बघूया, तेव्हा फोटो विकणं म्हणजे नेमकं काय होतं.

सुरुवातीचा डागेरोटाइप हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटायचा. एक पत्रा, एक फोटो, विषय संपला. त्याची दुसरी प्रत निघत नसे. म्हणजे गिऱ्हाईक समोर बसलं तर पैसे, नाहीतर नाही.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेच्या निगेटिव्हची पद्धत आणली आणि सगळं पालटलं. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. काच वाळली की काम बिघडलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हातात काही मिनिटंच असायची. बाहेर फोटो काढायचा तर काळोखी खोलीसुद्धा तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे.

पण एकदा ती काच हाती आली की तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. कागदाला अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर, त्यावर चांदीचं द्रावण, वर काच ठेवून सगळं उन्हात. प्रिंट काचेच्याच आकाराची, आणि ती काढणारं यंत्र म्हणजे सूर्य. कोकणातल्या माणसाला लगेच प्रश्न पडेल: मग पावसाळ्यात काय? पावसाळ्यात काम रखडायचं, दुसरं काय!

मुद्दा असा, की फोटोग्राफरकडे पहिल्यांदाच एक माल तयार झाला, जो आज एकाला, उद्या दुसऱ्याला आणि परवा तिसऱ्याला विकता येईल. आता प्रश्न उरला गिऱ्हाइकाचा.

महिन्याला तीन

इथे येतो विल्यम जॉन्सन. मुंबईत सरकारी कारकुनी करायला आलेला हा माणूस. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ग्रँट रोडवर डागेरोटाइपचा स्टुडिओ टाकला. सोसायटीच्या पहिल्या मंडळींत तोही होता. पुढे विल्यम हेंडरसन त्याचा भागीदार झाला. १८५६ च्या अखेरीस या जोडीने एक प्रकाशन सुरू केलं: 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम'.

कल्पना साधी. दर महिन्याला एक अंक. अंकात तीन फोटो, म्हणजे छापील चित्रं नव्हेत, उन्हात काढलेल्या खऱ्या प्रिंट, हाताने चिकटवलेल्या. सोबत थोडी माहिती. कधी मुंबईच्या इमारती आणि आसपासची ठिकाणं, कधी इथली माणसं, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे. १८५८ पर्यंत हे चाललं.

यात त्यांनी काय साधलं बघा. सुटा फोटो विकायचा तर प्रत्येक वेळी नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं. मालिका घेणारा मात्र पुढच्या महिन्याची वाट बघतो, त्याला संच पुरा करायचा असतो. आणि महिन्याला तीन म्हणजे निवड आली. ढीगभर काचांतून तीनच उचलायच्या, आणि त्याही आधीच्या अंकांशी जुळणाऱ्या. आज आपण ज्याला पोर्टफोलिओ म्हणतो तो यांच्याकडे असा महिन्याला तीन-तीन करून घडला, आणि घडता घडता विकलाही गेला.

पुढे सॅम्युअल बोर्नने हीच गोष्ट दुसऱ्या टोकाला नेली. तो १८६३ मध्ये भारतात आला, हिमालय पालथा घातला आणि सात-आठ वर्षांत दोन हजारांवर निगेटिव्ह जमवल्या. प्रत्येक निगेटिव्हवर क्रमांक कोरलेला. 'बोर्न अँड शेफर्ड'ची यादी उघडायची, क्रमांक सांगायचा, प्रिंट मिळणार. बोर्न स्वतः इंग्लंडला परतला तरी त्या क्रमांकांवर प्रिंट विकल्या जात राहिल्या.

नोकरी सांभाळून

"नोकरी सोडून पूर्णवेळ कधी व्हायचं?" हा प्रश्न तर सगळ्यांचाच. त्याला उत्तर म्हणून लाला दीनदयाळ.

जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुरकीला इंजिनिअरिंग शिकले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. कॅमेरा हातात घेतला तो १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत. नोकरी चालूच होती. १८८२-८३ मध्ये सर लेपेल ग्रिफिन या बड्या अधिकाऱ्याबरोबर मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढायचा दौरा मिळाला. ते फोटो १८८६ मध्ये पुस्तकातून लंडनला पोचले. त्या सुमारास दीनदयाळांनी आधी लांब रजा घेतली, धंदा जमतोय का ते पाहिलं आणि मग नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाचे अधिकृत फोटोग्राफर म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत मोठा स्टुडिओ उघडला.

म्हणजे कॅमेरा हातात घेतल्यापासून नोकरी सोडेपर्यंत दहाएक वर्षं. आणि त्या वर्षांत हाताशी काय तयार झालं? एका प्रदेशातल्या वास्तूंचा भरगच्च संच. राजे-महाराजांचे दरबार नंतर आले, आधी दगड आले. दगड हलत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत!

फोटोतल्या माणसाचं काय?

आता त्या चुकलेल्या गोष्टीकडे येतो.

जॉन्सनने आपल्या जुन्या निगेटिव्हमधूनच पुढे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. नाव मोठं लांबलचक: 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. दुसऱ्या खंडात महाराष्ट्रातली माणसं आहेत. पण फोटो नीट बघितले की काहीतरी खटकतं. माणसं आणि मागचा देखावा एकमेकांत बसत नाहीत. कारण स्टुडिओत काढलेल्या माणसांच्या आकृती कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवल्या आहेत! आजच्या भाषेत बॅकग्राउंड बदललं.

आणि खाली नाव कुणाचं? माणसाचं नाही. जातीचं, नाहीतर धंद्याचं. स्टुडिओत उभा राहिलेला माणूस कोण होता, त्याला प्रत मिळाली का, आपला चेहरा लंडनला विकला जातोय हे त्याला ठाऊक तरी होतं का, यातलं काही त्या पानावर नाही. घेणाऱ्याला नमुना हवा होता, विकणाऱ्याने नमुना दिला.

याची आणखी कडू बाजू थेट रत्नागिरीशी येऊन भिडते. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं. त्या फौजेबरोबर विलोबी वॉलेस हूपर नावाचा लष्करी अधिकारी होता, हाताने उत्तम फोटोग्राफर. पकडलेल्या ब्रह्मी लोकांना गोळ्या घालताना नेमका तो क्षण टिपायला त्याने कॅमेरा लावला. ही बातमी लंडनच्या टाइम्समध्ये आली, संसदेत प्रश्न विचारले गेले, त्याची चौकशी झाली. तरी १८८७ मध्ये त्याचा मोहिमेवरचा शंभर फोटोंचा संच विक्रीला आलाच.

आणि थिबा राजा? एप्रिल १८८६ पासून तो इथे, आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत होता. आपण ज्या थिबा पॅलेससमोर सेल्फी काढतो, तो त्याच्यासाठी नंतर, १९१० च्या सुमारास बांधून झाला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याचं राज्य कसं गेलं याच्या प्रिंट बाजारात मिळत होत्या, आणि तो स्वतः खाडीकडे बघत दिवस काढत होता.

लोकांना कॅमेऱ्याची भीती वाटायची, त्याला आपण अडाणीपणा म्हणून हसतो. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला होता. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो असं लोक म्हणायचे आणि गिऱ्हाईक येईना, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. शक्ती जात नव्हती हे खरं. पण आपलं काहीतरी दुसऱ्याच्या हातात जातंय, हे त्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं.

मग आज रत्नागिरीत बसून काय करायचं?

पहिलं, एक विषय धरा. "कोकणचं सौंदर्य" हा विषय होत नाही, तो सगळ्यांकडेच आहे. मिरकरवाडा बंदराचे बारा महिने हा विषय होतो. त्यात जून-जुलैची मासेमारी बंदीही आली, ओढून ठेवलेल्या होड्याही आल्या. उक्षी, देवूड, काशेळीची कातळशिल्पं वेगवेगळ्या उन्हात, हा विषय होतो. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणची कातळशिल्पं २०२२ मध्ये आली, म्हणजे बघणारा वर्ग वाढतोच आहे. जॉन्सनसारखे महिन्याला तीन निवडा. वर्षाअखेरीला छत्तीस होतील. त्यातले वीस ठेवा.

दुसरं, आकाराचं गणित. तुमचा फोन १२ मेगापिक्सेलचा असेल तर फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १३ बाय १० इंचांपर्यंत प्रिंट स्वच्छ येते. ए-फोर आरामात, ए-थ्रीसुद्धा चालून जाते. पण मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखी पाठवलेली फाइल छापायला देऊ नका, ती आधीच आकसलेली असते. आणि आपल्या दमट हवेत बुरशी धरते, म्हणून प्रिंटच्या मागे मऊ पुठ्ठा नको, आम्ल नसलेला घ्या.

तिसरं, प्रत्येक फोटोला क्रमांक द्या, बोर्नसारखा. मागे नाव, ठिकाण, वर्ष लिहा. किती प्रती काढणार हे आधी ठरवलंत तर तो आकडा पाळा. किमतीत छपाई, माउंट, पॅकिंग, कुरिअर आणि वाटेत खराब झालेली एखादी प्रत धरा, मग स्वतःची मेहनत.

चौथं, कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःच्या मनाने काढलेल्या फोटोचे हक्क तुमचे. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क त्या पैसे देणाऱ्याचा. म्हणजे लग्नाचे, प्री-वेडिंगचे फोटो पोर्टफोलिओत घालायचे किंवा प्रिंट विकायची, तर आधी लेखी ठरवून घ्या. दोन ओळींचा मेसेजही काहीच नसण्यापेक्षा बरा.

आणि शेवटचं. बंदरावर टोपली घेऊन बसलेल्या मावशीचा फोटो काढलात आणि तो विकायचा विचार आहे, तर आधी तिला विचारा. नाव विचारा, आणि ती हो म्हणाली तर फोटोखाली तेच नाव लिहा. "कोकणी कोळीण" असं नको, १८६६ मध्ये ते लिहून झालंय. आणि पहिली प्रिंट तिला नेऊन द्या. विकलेली नव्हे, दिलेली. तिच्या घरातल्या भिंतीवर ती लागली, की पुढच्या वेळी बंदरावर तुमचा कॅमेरा बघून कुणी पाठ फिरवणार नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या मालिकेचा विषय काय, ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!