अंधार ओळखणाऱ्या दिव्याची कुळकथा

दिवेलागण हे मराठीत एका कामाचे नाव असले, तरी तो शब्द वेळ सांगण्यासाठीच अधिक वापरला जातो, आणि ती वेळ सूर्याबरोबर सरकत असल्यामुळे घड्याळात तिला कायमची जागा नाही. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासातच्या सुमारास, म्हणजे वर्षभरात दिवेलागण सव्वा तासाने मागेपुढे होते. घरातला दिवा हातानेच लावायचा असल्यामुळे हा फरक कधी कोणाला अडला नाही. पण अंगणातला, गोठ्यापुढचा, वेशीवरचा किंवा रस्त्यावरचा दिवा रोज कोणी लावायचा आणि पहाटे आठवणीने कोणी मालवायचा, या प्रश्नातून अंधार ओळखून आपोआप लागणारा दिवा जन्माला आला. वायरमन त्याच्या संवेदकाला ‘फोटोसेल’ किंवा नुसतेच ‘सेन्सर’ म्हणतात. या दिव्याची कुळकथा वस्तुतः दोन घराण्यांची आहे, उजेड पाहणाऱ्या डोळ्याची आणि उजेड देणाऱ्या बल्बची. आणि वीजबचतीच्या काळात बल्ब बदलला तेव्हा जुन्या बल्बसाठी घडवलेला डोळा त्याच्याशी जुळेना, हा तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे.

सार्वजनिक दिवा ही कोणाची तरी नेमलेली जबाबदारी असते. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर वायूचे दिवे आले, तेव्हा खांबाखांबापाशी जाऊन ते पेटवणारी माणसे ठेवावी लागली. खेड्यांत हे काम पुढे ‘दिवाबत्ती’ या नावाने ग्रामपंचायतीकडे आले. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावच्या रस्त्यांवर उजेड ठेवणे पंचायतीच्या कामांत घातले आणि त्यासाठी दिवाबत्ती कर घेण्याची सोयही केली. वीज आल्यावर खांबांवरून तीन फेज आणि न्यूट्रल यांच्याबरोबर पाचवी तार ओढण्याची पद्धत पडली. ही तार केवळ पथदिव्यांसाठी असते आणि डीपीजवळचे, म्हणजे रोहित्राजवळचे, एक बटण दाबले की त्या फाट्यावरचे सगळे दिवे एकदम लागतात. ते बटण दाबणारा माणूस रजेवर गेला किंवा सकाळी विसरला, तर दिवे भर उन्हात जळत राहतात आणि त्यांचे बिल पंचायतीच्या नावावर चढत जाते. पथदिव्यांच्या थकीत बिलांचा प्रश्न राज्यभर इतका साचला की २०२१ मध्ये ती बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याची वाट शासनाला दाखवावी लागली.

नारायणगावाला उजेडाचे मोल वेगळ्या कारणानेही ठाऊक आहे. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात यात्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांनी तर गावाचेच नाव आडनावासारखे लावले. टेंभ्यांच्या आणि पलित्यांच्या उजेडात चालणारा हा खेळ गॅसबत्तीवर आला आणि मग जनरेटरवर. प्रत्येक टप्प्यावर बत्ती सांभाळणारा माणूस लागत असे, कारण टेंभ्याला तेल आणि गॅसबत्तीला हवा वेळेवर मिळाली नाही तर खेळ थांबे.

हा माणूस काढून टाकण्याची पहिली शक्यता दिसली ती एका अडचणीच्या रूपाने. समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलची चाचणी घेताना विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याला मोठा विद्युतरोध असलेला पदार्थ हवा होता आणि त्यासाठी त्याने सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. पण त्यांचा रोध स्थिर राहीना. आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया केंद्रावर काम करणाऱ्या जोसेफ मे या त्याच्या साहाय्यकाच्या लक्षात आले की कांड्यांवर उजेड पडला की रोध घटतो आणि झाकल्या की वाढतो. स्मिथने १८७३ मध्ये हे प्रसिद्ध केले. उजेडाने वीजवहन सुलभ होण्याच्या या गुणाला प्रकाशवाहकता म्हणतात, आणि आजच्या सर्व प्रकाशसंवेदी रोधकांचे मूळ तेथे आहे.

तरीही अंधार ओळखून लागणाऱ्या दिव्यांत जगभर आधी नाव कमावले ते वीज मुळीच न वापरणाऱ्या एका यंत्राने. स्वीडनच्या गुस्ताफ डालेनने १९०७ मध्ये दीपस्तंभांसाठी ‘सूर्यझडप’ बनवली. तिच्यात मध्ये एक काळवलेला दांडा आणि त्याभोवती तीन चकचकीत दांडे असत; दिवसा काळा दांडा उजेड शोषून किंचित अधिक लांबे आणि तेवढ्या लांबण्याने ॲसिटिलिन वायूची वाट बंद होई, अंधार पडताच तो आखडे आणि वायू पुन्हा वाहू लागे. खडकावरच्या एकाकी दीपस्तंभाला त्यामुळे रोजच्या माणसाची गरज उरली नाही आणि दिवसा जळून जाणारा वायूही वाचला. डालेनला १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी वायूच्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. स्वयंचलित दिव्यांच्या इतिहासात या माणसाला मानाचे स्थान द्यायला हवे, कारण ऊर्जेची बचत आणि अंधाराची ओळख या दोन गोष्टी एकाच यंत्रात प्रथम त्याने इतक्या यशस्वीपणे आणल्या.

याच कुळात एक भारतीय पूर्वजही आहे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना, म्हणजे शिसे आणि गंधक यांच्या नैसर्गिक स्फटिकाच्या, टोकदार स्पर्शातून विद्युत्‌लहरी टिपणारा शोधक बनवला; त्याच्या अमेरिकी पेटंटचा अर्ज १९०१ चा आणि मंजुरी १९०४ ची आहे. हा स्फटिक दृश्य उजेडालाही प्रतिसाद देतो हे त्यांनी दाखवले, त्याला कृत्रिम दृष्टिपटल म्हटले आणि ‘तेजोमीटर’ असे संस्कृत वळणाचे नावही दिले. रेडिओलहर आणि उजेड ही एकाच तेजाची दोन रूपे असल्याचे त्या लहानशा उपकरणात प्रत्यक्ष दिसत होते, आणि नारायणगावच्या परिसरात हे नाते पुढे अनपेक्षित रीतीने पुन्हा समोर येणार होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून रस्त्यावरच्या दिव्यांत कॅडमियम सल्फाइडचा रोधक स्थिरावला. नागमोडी रेघ असलेली ती पिवळसर-नारिंगी चकती जुन्या सेन्सरच्या काचेतून आजही दिसते. तिची संवेदनशीलता माणसाच्या डोळ्याशी बरीच मिळतीजुळती असल्यामुळे माणसाला अंधार वाटतो तेव्हा तिलाही तो जाणवतो. सर्वांत साध्या रचनेत ही चकती एका छोट्या तापकाशी जोडलेली असे: दिवसा तापक गरम राही, त्याच्या उष्णतेने द्विधातूची पट्टी वाकून दिव्याची जोडणी तोडी, आणि अंधारात पट्टी निवून पुन्हा जोडणी करी. पट्टीला तापायला आणि निवायला थोडा वेळ लागत असल्याने विजेचा लखलखाट किंवा रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा झोत तिला फसवू शकत नसे. शिवाय सेन्सर बिघडला तर दिवा बहुधा लागलेलाच राही. काळोखापेक्षा उधळपट्टी बरी, असा तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता.

या साऱ्या रचनेने एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे पुढे तारेचा बल्ब असणार. टंगस्टनची तार हा निव्वळ रोधक आहे. तिला कमी दाब दिला तर ती लालसर तेवते, थेंबभर गळका प्रवाह मिळाला तर काहीच करत नाही. त्यामुळे न्यूट्रल नसलेले, केवळ दोन तारांचे स्वस्त सेन्सर चालत, कारण स्वतःला लागणारी किंचित वीज ते विझलेल्या बल्बमधूनच घेत. बाहेरचा उजेड घटेल तसा बल्बचा उजेड हळूहळू वाढवणारे सेन्सरही बल्बला काही अपाय करत नसत.

बल्बचे घराणे मात्र दुसऱ्याच वाटेने गेले होते. एडमंड गेर्मर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२६ मध्ये नळीदिव्याच्या पेटंटचा अर्ज केला, १९३८ मध्ये असे दिवे अमेरिकेत विक्रीला आले, एडवर्ड हॅमरने १९७६ मध्ये नळीला पीळ देऊन ती बल्बच्या आकारात बसवली आणि १९८० मध्ये फिलिप्सने होल्डरमध्ये फिरवून बसवायचा सीएफएल बाजारात आणला. भारतात २००९ च्या बचत लॅम्प योजनेत तो पंधरा रुपयांत घरोघर देण्याचा प्रयत्न झाला. तिकडे शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी साधल्यावर पांढऱ्या एलईडी दिव्याची वाट मोकळी झाली, आणि ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना व पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम एकाच दिवशी सुरू झाले. घाऊक खरेदीमुळे एलईडी बल्बची सरकारी खरेदी किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली.

या नव्या दिव्यांच्या बुडात जुन्या नळीदिव्याच्या चोकऐवजी इलेक्ट्रॉनिक मंडल असते. ते येणारी वीज एका धारित्रात, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागात, गोळा करून मग वापरते. जुन्या डोळ्याशी त्याचे भांडण येथेच होते. दोन तारांच्या सेन्सरमधून गळणारा प्रवाह धारित्रात थेंबाथेंबाने साठतो, पुरेसा झाला की दिवा क्षणभर चमकतो आणि पुन्हा रिकामा होतो. म्हणून मालवलेला सीएफएल रात्रभर डोळे मिचकावतो आणि एलईडी मंद तेवत राहतो. सीएफएलच्या प्रत्येक अशा उचकीत नळीच्या टोकांवरचा लेप झिजतो. सांजेला हळूहळू दाब वाढवणाऱ्या सेन्सरवर तर त्याचे मंडल अर्धपोटी चालून तापते आणि लवकर जळते. बंद काचेच्या गोळ्यात ती उष्णता कोंडून राहिल्याने आयुष्य आणखी घटते. उलट बाजूने एलईडीचे रिकामे धारित्र दिवा लागण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते, एका तारेवर असे अनेक दिवे असले की सेन्सरमधली स्पर्शटोके चिकटून जातात, आणि मग दिवा मालवतच नाही. पिशवीवर छापलेली हजार वॅटची क्षमता टंगस्टनसाठी असते, ही बाब दुकानात फारच क्वचित सांगितली जाते, आणि बिघाडाचा दोष मात्र नव्या बल्बवर येतो.

हिशेबही बदलला. साठ वॅटचा बल्ब रोज बारा तास जळला तर वर्षाला सुमारे २६३ युनिट घेतो, आणि नऊ वॅटचा एलईडी चोवीस तास विसरून चालू ठेवला तरी सुमारे ७९. म्हणजे बल्ब बदलण्याची बचत डोळा बसवण्याच्या बचतीपेक्षा मोठी ठरली. डोळ्यामुळे नऊ वॅटच्या दिव्यावर वर्षाला जेमतेम ३९ युनिट वाचतात, आणि दिवसभर दीड वॅट खाणारा जुना तापकाचा सेन्सर त्यातले साडेसहा युनिट परत घेतो. तरी डोळा टाकून देण्याजोगा झालेला नाही: दिवसाची विश्रांती मिळाल्याने दिवा जवळजवळ दुप्पट वर्षे टिकतो, आणि नारायणगावाभोवतीच्या जुन्नर-आंबेगाव ऊसपट्ट्यात तर त्याची गरज पैशांत मोजता येत नाही. येथे अनेक कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यात, शेतातल्या वस्तीवर राहतात. ऊस आणि बिबट्या दोन्ही अंगणाला लागून असतात, आणि घरातले सगळे बाजाराला किंवा पाणी धरायला गेले असले तरी गोठ्यापुढे अंधार पडता उजेड व्हावा, ही साधी आणि रास्त अपेक्षा असते. याच वस्तीवरच्या विहिरीवर वीज येताच मोटर सुरू करणारा ‘ऑटो’ही असतो. एक यंत्र विजेची वाट पाहते, दुसरे अंधाराची.

नारायणगावच्या पूर्वेला खोडदला बोसांनी दाखवलेले रेडिओलहर आणि उजेड यांचे ते जुने नाते पुन्हा समोर येते. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, तेथे आहे: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि सोळा तीन बाहूंवर, पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात गावे आणि शेते यांमध्ये पसरलेल्या. डोंगरांची आड आणि मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाची कमतरता या कारणांनी ही जागा निवडली गेली. विजेच्या तारांवरच्या ठिणग्या हा येथल्या निरीक्षणांचा जुना उपद्रव आहे. सीएफएल आणि एलईडी यांची मंडले दर सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतात-तोडतात. त्या उघडझापीचे पडसाद रेडिओलहरींत उमटतात आणि घराची वायरिंग त्यांना अँटेनासारखी बाहेर सोडते. अशा गळतीवर मर्यादा घालणारी आंतरराष्ट्रीय मानके आहेत, आणि ती पाळण्यासाठी चांगल्या बल्बमध्ये एक गाळणी बसवलेली असते. किंमत उतरवताना सर्वांत आधी काढला जाणारा भाग बहुधा तोच. टंगस्टनची तार या बाबतीत पूर्ण मुकी होती. वीज वाचवणारा दिवा घेताना त्याचा गोंगाट विचारात घेण्याचे कारण ज्या मोजक्या प्रदेशांना आहे, त्यांत हा प्रदेश येतो.

नव्या पिढीच्या सेन्सरांनी बरीच भांडणे मिटवली आहेत. फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी तार अशा तीन तारांचा सेन्सर आपली वीज दिव्यातून घेत नाही, त्यामुळे मिचकावणे थांबते. कॅडमियम विषारी असल्याने चकतीची जागा सिलिकॉनच्या संवेदकाने घेतली आहे. आणि लागण्याची पातळी मालवण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवल्याने दिवा उंबरठ्यावर घुटमळत नाही. पौर्णिमेचे चांदणे अर्धा लक्सही भरत नाही आणि पावसाळी दुपारी हजाराहून अधिक लक्स उजेड असतो, तेव्हा दहा-वीस लक्सवर बसवलेला डोळा सहसा दोघांनाही फसत नाही. तो फसतो स्वतःच्याच दिव्याला: पांढऱ्या भिंतीवरून उलटलेला उजेड त्याला सकाळ वाटते, दिवा मालवतो, अंधार होतो, दिवा पुन्हा लागतो. म्हणून डोळा दिव्याच्या वर, भिंतीपासून दूर तोंड करून बसवावा लागतो. त्याला उत्तरेकडे तोंड द्यावे हा पाश्चात्त्य पुस्तकांतला नियम मात्र युरोपच्या आकाशासाठी आहे. नारायणगाव एकोणीस अंश अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य येथे उत्तरेलाच असतो, त्यामुळे तसा बसवलेला डोळाही त्या आठवड्यांत थेट उन्हापासून वाचत नाही.