शिकणाऱ्याचें छप्पर

खेड्यांतल्या मुलाला पुस्तकाच्याहि आधीं एक गोष्ट लागते: शाळेच्या गांवीं डोकें टेंकण्यापुरतें छप्पर. सधनाचा मुलगा भाड्यानें खोली घेतो. गरिबाच्या मुलानें काय करावें? महाराष्ट्रांत या प्रश्नाला पैशानें नव्हे, तर श्रमानें उत्तर देण्याचे प्रयत्न झाले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका छपराखालीं राहत आणि एका पंगतींत जेवत. मुलांच्या पोटासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले. परंतु केवळ दानावर वसतिगृह चालावें, हें भाऊरावांस मान्य नव्हतें. मुलें शेतांत खपत, खडी फोडीत, बांधकामावर राबत. लिहिणाऱ्या हाताला घमेल्याची लाज वाटूं नये, हा त्यांत हेतु होता. पुढें या संस्थेच्या शाळा अहमदनगर जिल्ह्यांतहि ठिकठिकाणीं निघाल्या.

आज अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या याच जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांत, राळेगणसिद्धी हें अवर्षणानें गांजलेलें गांव आहे. १९३२ सालीं तेथें एका खोलीची शाळा निघाली; १९६२ सालीं गांवकऱ्यांनीं श्रमदानानें खोल्या वाढविल्या. तरी १९७१ सालीं शेंकडा तीसच माणसें साक्षर होतीं. पुढें शिकावयाचें तर मुलांनीं शिरूर किंवा पारनेर गांठावें आणि मुलींनीं घरीं बसावें, असा तो काळ होता. लष्करांतून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें गांवचे तरुण कामाला लागले. १९७९ सालीं माध्यमिक शाळा सुरू झाली. सरकारी अनुदानाचे चार लक्ष रुपये मिळाले, आणि श्रमदानाच्या बळावर अवघ्या दोन महिन्यांत इमारत उभी राहिली. गरीब घरांतल्या २०० विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहहि झालें. १९८२ सालीं गांवांतली एक मुलगी प्रथमच शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली.

गांवानें दलित कुटुंबांचीं घरें बांधण्यासहि हात लावला आणि त्यांचें कर्ज फेडण्यास साह्य केलें. शतकानुशतकें ज्या वस्तीकडे सवर्णांचीं पावलें वळत नसत, तेथें ते विटा वाहूं लागले, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि टीकाकारांनीं एक रास्त प्रश्न विचारला: घर मिळालें, पण गांवच्या कारभारांत त्या कुटुंबांचा शब्द चालूं लागला काय?

१९६९ सालीं, गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षीं, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हां शहरी विद्यार्थ्यालाहि ही वाट मोकळी झाली. शिबिर थोड्या दिवसांत संपतें. घरांत राहणारा मात्र तेथें जन्म काढतो. म्हणून दार कोणत्या बाजूस असावें, चूल कोठें मांडावी, हें त्यालाच विचारावें लागतें. विटा वाहतांना हें विचारण्याची संवय ज्या विद्यार्थ्याला जडली, त्याला श्रमदानानें विद्येइतकेंच मोलाचें कांहीं दिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.