सुईणीची डायरी: 27 वर्षांचा ‘कंटाळवाणा’ लॉग

आज अमेरिकेच्या इतिहासात जायचंय, पण वॉशिंग्टन-जेफरसनकडे नाही. केनेबेक नदीच्या काठी हॅलोवेल नावाचं गाव आहे. आज ते मेन राज्यात येतं, तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये होतं. तिथली एक सुईण, मार्था बॅलार्ड. 1 जानेवारी 1785 ला, पन्नाशीला टेकलेली असताना, तिनं डायरी सुरू केली आणि 7 मे 1812 पर्यंत लिहीत राहिली. जवळजवळ दहा हजार नोंदी!

आता या नोंदी कशा, तर आज ऊन पडलं, भाजी लावली, अमकीकडे गेले, तिला मुलगी झाली. संपलं. 1870 साली जेम्स नॉर्थ यांनी त्या भागाचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यांनी ही डायरी पाहिली होती. त्यांचं मत काय, तर थोडे अपवाद सोडले तर यात सगळ्यांना रस वाटावा असं काही नाही. ठीक आहे, जुन्या काळातले गृहस्थ म्हणून सोडून देऊ. पण 1970 च्या दशकात सुईणींवर स्त्रीवादी नजरेनं लिहिलेल्या इतिहासातही हाच सूर होता: घरकामाच्या किरकोळ गोष्टींनी भरलेली डायरी.

मग आल्या लॉरेल थॅचर उलरिक. पाच मुलांचा संसार करत त्यांनी 1980 मध्ये पीएचडी पूर्ण केली. मार्थावरचं त्यांचं ‘अ मिडवाइफ्स टेल’ हे पुस्तक 1990 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला इतिहासाचं पुलित्झर मिळालं. त्यांनी केलं काय? किरकोळ गोष्टी गाळल्या नाहीत. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला डायरीचा एक सलग तुकडा आहे तसा ठेवलाय, हवामानासकट. तो वाचताना आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही. मग पुढची पंचवीस-तीस पानं त्यातली एकेक ओळ सोडवत जातात.

साधी मोजणी केली तरी काय निघतं बघा. डायरीच्या काळात मार्थानं 816 बाळंतपणं केली. कधी होडीनं नदी ओलांडून, कधी गोठलेल्या नदीवरून चालत. पैसे मिळाले की समासात दोन फुल्या. प्रत्यक्ष बाळंतपणात तिच्या हातून एकही आई दगावली नाही. नंतरच्या दिवसांत पाच जणी गेल्या. त्याच सुमारास गावात एक तरुण डॉक्टर आला. तो फी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त घ्यायचा, आणि एकदा त्यानं अफूचं औषध देऊन एका बाईच्या चालू कळाच थांबवल्या. मार्थानं तेही लिहून ठेवलंय.

मला सगळ्यात जास्त आवडला तो सुताचा भाग. गावाच्या करनोंदींत बॅलार्ड घर म्हणजे नवरा एफ्राइम, त्याची जमीन, त्याची मालमत्ता. पण डायरीत दिसतं की त्याच घरात दुसरा कारभार चालू होता. मुली आणि कामाला ठेवलेल्या पोरी सूत काततायत, मागावर कापड विणतायत, शेजारणींशी देवघेव चाललीय, आणि हा हिशेब बायकांचा बायकांत. सरकारी कागदात याचा पत्ता नाही. ‘आज मुलींनी सूत कातलं’ ही ओळ एकदा वाचली तर फालतू वाटते. ती वर्षानुवर्षं येत राहिली की ती अर्थव्यवस्था असते. आणि मुली लग्न होऊन गेल्या की हे काम मंदावतं आणि घरचा सगळा भार म्हाताऱ्या आईवर येतो, हेही त्याच नोंदींतून दिसतं.

दुसरा धक्का. आपल्याला वाटतं, ते जुने प्युरिटन वळणाचे लोक म्हणजे एकदम कडक. 1785 ते 1797 मध्ये मार्थानं ज्या 106 जणींचं पहिलं बाळंतपण केलं, त्यातल्या 40 जणींना लग्नाआधीच दिवस गेले होते. बाई अविवाहित असेल तर ऐन कळांमध्ये सुईणीनं बापाचं नाव विचारायचं, अशी पद्धत होती. तेव्हा बाई खोटं बोलणार नाही अशी समजूत, आणि त्या नावावर पोराच्या खर्चाची जबाबदारी ठरायची. ऑक्टोबर 1791 मध्ये सॅली पियर्सनं नाव घेतलं जोनाथन बॅलार्डचं. म्हणजे विचारणाऱ्या सुईणीच्या स्वतःच्या मुलाचं! मार्थानं ते लिहिलं. पुढे काही महिन्यांत दोघांचं लग्न झालं. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी, कर गोळा करण्याच्या भानगडीत कर्ज अंगावर येऊन एफ्राइम तुरुंगात होता, तेव्हा हीच सून घरात राहायला आली आणि मार्था स्वतःच्याच घरात एका खोलीपुरती उरली. सासू-सुनेचं काही पटलं नाही.

इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगतोच. 2010 मध्ये कॅमेरॉन ब्लेव्हिन्स या इतिहासकारानं ही अख्खी डायरी टॉपिक मॉडेलिंगमधून काढली. प्रोग्रामला अर्थ कळत नाही, कोणते शब्द एकमेकांसोबत येतात तेवढंच तो बघतो. तरीही बागकामाचा गट वेगळा पडला आणि दर उन्हाळ्यात वर गेला. घरकामाचा गट वयासोबत वाढत गेला. नॉर्थ साहेबांसारख्यांनी ‘बिनकामाचं’ आधीच कापून टाकलं असतं तर यातलं काहीच चाललं नसतं.

डायरी टिकली कशी? ती घरातल्या घरात खाली येत राहिली. 1884 मध्ये मार्थाची खापरपणती मेरी होबार्ट डॉक्टर झाली, तेव्हा ती तिच्याकडे आली. आपल्या आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियात शिकत होत्या, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल. होबार्टबाईंनी 1930 मध्ये डायरी मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली.

मार्थानं शेवटचं बाळंतपण एप्रिल 1812 मध्ये केलं आणि पुढच्या काही आठवड्यांत ती गेली. स्थानिक वर्तमानपत्रात एक ओळ आली: एफ्राइम बॅलार्ड यांच्या पत्नी, वय 77. सुईण हा शब्द त्यात नव्हता.