गाविलगडाचे पाणी

परतवाडा सोडून चिखलदऱ्याचा घाट चढू लागले की, भर वैशाखातही वारा गार लागतो. तेव्हा कुणी म्हणेल, हा तर आमचा वऱ्हाडचा हिमालयच! म्हणेनात का. पण हिमालयातले तळे आणि आपल्या गाविलगडावरचे तळे, यांत मोठा फरक आहे.

उत्तराखंडातले रूपकुंड घ्या. सुमारे ५,००० मीटर उंचीवरचे ते इवलेसे तळे. असली तळी हिमनदीने खडक कोरून केलेली असतात. उन्हाळ्यात बर्फ वितळते नि ती भरतात. खोदणारा निसर्ग, भरणाराही निसर्गच. आपल्या सातपुड्यात बर्फ कुठले? आभाळ चार महिने देते, उरलेल्या आठ महिन्यांची तजवीज माणसानेच करायची.

गाविलगड बांधणाऱ्यांनी ती केली. इथे आधी गवळ्यांची गढी होती असे सांगतात. पुढे १४२५ साली बहमनी सुलतान अहमदशहा वलीने किल्ला बांधला. तटासाठी दगड काढायचा आणि त्याच खाणीत पाणी साठवायचे, ही दख्खनच्या किल्ल्यांची जुनी रीत. गाविलगडावर देवतलाव आहे, मच्छी तलाव आहे. पाण्यावाचून तट कितीही उंच असला तरी तो काय कामाचा?

१८०३ च्या डिसेंबरात इंग्रज गडाखाली आले. गड तहानेने शरण येईल म्हणून वाट पाहत बसण्याची त्यांची तयारी नव्हती. स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून वाट काढीत जड तोफा उत्तरेकडे ओढून नेल्या, कारण गडाला डोंगराशी जोडणारी चिंचोळी बाजू तीच. तोफांनी बाहेरचा तट फोडला. आतला तट शाबूत होता. त्यावर शिड्या लावून शिपाई चढले आणि त्यांनी दरवाजा उघडला. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला.

वेलस्लीचे नाव इतिहासात राहिले, बेनीसिंगाचेही राहिले. तळी खोदणाऱ्या हातांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. वास्तविक गडावरच्या प्रत्येक शिपायाचा घसा त्यांनीच ओला केला होता. म्हणून पुढच्या खेपेला गडावर जाल, तेव्हा तोफा पाहून लगेच परतू नका. घटकाभर तळ्याच्या काठी बसा. आणि घरी आल्यावर आपल्या गावच्या तळ्यातला गाळ किती वर्षांत निघाला नाही, तेही जरा विचारून पाहा.