घातक वायुप्रदूषकांचे मापन (मुंबई)

अत्यल्प प्रमाणात असूनही कर्करोग, अस्थिमज्जेचे विकार किंवा मज्जासंस्थेची हानी घडवू शकणारी द्रव्ये शहराच्या हवेत किती आहेत, हे ठरवण्याची व्यवस्था. बेंझीन, बेंझो-ए-पायरीन, आर्सेनिक, निकेल आणि शिसे ही भारतीय शहरांपुरती त्यांतील मुख्य नावे. यांतली काही इतकी थोडी असतात की ती नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावी लागतात. अमेरिकेने 1990 च्या कायदादुरुस्तीत अशा 189 द्रव्यांची स्वतंत्र यादी केली. भारतात वेगळी यादी नाही; जी काही द्रव्ये मोजली जातात ती हवेच्या सर्वसाधारण मानकांतच समाविष्ट आहेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर 2009 मध्ये अधिसूचित केलेल्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. दर घनमीटर हवेत बेंझीन 5 मायक्रोग्रॅम, शिसे अर्धा मायक्रोग्रॅम, आर्सेनिक 6 नॅनोग्रॅम, निकेल 20 नॅनोग्रॅम आणि बेंझो-ए-पायरीन 1 नॅनोग्रॅम, अशा मर्यादा आहेत. हे सगळे आकडे वार्षिक सरासरीचे आहेत. शिशाला निदान 24 तासांची वेगळी मर्यादा आहे. बाकीच्या चौघांना नाही. वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, अशी वर्षाला किमान 104 मापने पुरेशी धरली जातात. एखाद्या वस्तीवर एका रात्री बेंझीनचा लोट आला आणि सकाळी ओसरला, तर मानकाच्या भाषेत काहीच घडलेले नसते. तो दिवस त्या 104 दिवसांत नसेल, तर त्याची नोंदही राहत नाही.

वर्तमानपत्रांत रोज छापला जाणारा हवा गुणवत्ता निर्देशांक ऑक्टोबर 2014 मध्ये जाहीर झाला. तो आठ प्रदूषकांवरून काढतात. बेंझीन, बेंझो-ए-पायरीन, आर्सेनिक आणि निकेल त्यात नाहीत. शिसे आहे, पण त्याचे मोजमाप प्रयोगशाळेतून येत असल्याने रोजच्या ताज्या आकड्यात तेही सहसा नसते. म्हणून मोबाइलवर दिसणारे हिरवे ‘समाधानकारक’ मुख्यतः धूलिकण आणि नेहमीच्या वायूंबद्दल असते. हे बहुतेक नागरिकांना कोणी सांगितलेलेच नाही, आणि ते सांगणे यंत्रणेचे कर्तव्य आहे. जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची उद्दिष्टेही धूलिकणांपुरतीच आहेत.

मापनाची रीत : धातू आणि बेंझो-ए-पायरीन धुळीला चिकटून फिरतात, म्हणून आधी धूळ पकडावी लागते. मोठ्या क्षमतेचा सॅम्पलर मिनिटाला सुमारे 1.1 घनमीटर हवा ओढतो. त्यात वहीच्या पानाएवढा पांढराशुभ्र काचतंतूंचा फिल्टर बसवलेला असतो. तो आधी कोरड्या पात्रात ठेवून, ओल घालवून तोललेला असतो. हाताचा घाम लागू नये म्हणून चिमट्याने उचलतात. मुंबईत हिवाळ्यात काढलेला फिल्टर बघावा: कडेला, जिथे चौकटीने दाबून धरले होते तिथे, कोऱ्या कागदाची पांढरी पट्टी, आणि आत राखाडी ते काळपट चौकोन. चोवीस तासांत सुमारे 1,580 घनमीटर हवा त्यातून गेलेली असते. बेंझो-ए-पायरीन नेमके मर्यादेइतके असेल, तर त्या काळ्या चौकोनात त्याचा वाटा जेमतेम दीड मायक्रोग्रॅम. ते शोधण्यासाठी फिल्टरचा तुकडा द्रावकात घालून अर्क काढतात, तो शुद्ध करून आटवतात आणि मग वायुवर्णलेखन यंत्रात सोडतात. दुसऱ्या तुकड्यावरचे धातू आम्लात विरघळवतात. उत्तर हाती येईपर्यंत काही दिवस गेलेले असतात. तोवर ती हवा कोणाच्या तरी छातीतून जाऊन आलेली असते.

बेंझीनची गोष्ट निराळी. ते वायुरूपात असल्याने फिल्टरवर थांबत नाही. कोळशाची पूड भरलेल्या बारीक काचनळीतून हवा ओढतात. बेंझीन कोळशाला चिकटते, नंतर ते द्रावकाने सोडवून मोजतात. काही स्वयंचलित केंद्रांत बेंझीन, टोल्युइन आणि झायलीन एकत्र मोजणारे यंत्र असते. ते साधारण पाव तासाला एक वाचन देते. लोट पकडायचा तर हेच यंत्र उपयोगी. मात्र ते कुठे बसवले यावर सगळे अवलंबून. हवा आत घेणारे तोंड जमिनीपासून 3 ते 10 मीटर उंचीवर, झाडे-भिंतींपासून मोकळे असावे, असा दंडक आहे. तो शहराची सर्वसाधारण हवा कळण्यासाठी योग्यच आहे. तेलटाकीच्या कुंपणाला लागून झोपणाऱ्या माणसाची हवा त्यातून कळेलच असे नाही.

माहुल : मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ट्रॉम्बे परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने, खतकारखाना, वीजकेंद्र आणि रसायने साठवणाऱ्या टाक्या एकमेकांना खेटून आहेत. लगतच्या चेंबूरला मुंबईकर अनेक वर्षे ‘गॅस चेंबर’ म्हणत आले. 1970 च्या दशकात केईएम रुग्णालयातील छातीरोगतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर आणि खार या भागांतील रहिवाशांच्या श्वसनविकारांची ग्रामीण भागाशी तुलना केली. हवेचे मोजमाप आणि माणसाची तपासणी एकत्र करण्याचा भारतातला तो आरंभीचा मोठा प्रयत्न. त्या वेळी भर सल्फर डायऑक्साइडवर होता.

पुढे याच परिसरातल्या माहुलमध्ये 72 इमारतींची पुनर्वसन वसाहत उभी राहिली. 2017 पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून हटवलेली कुटुंबे तिथे पाठवली गेली. दिवसा खारे वारे धूर-वाफ खाडीकडे ढकलतात. रात्री वारा पडतो, मतलई वारे क्षीण असतात, थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि टाक्यांतून सुटलेली वाफ तिथेच घुटमळते. ‘रात्री वास सुटतो, डोळे चुरचुरतात, खिडकी लावून घ्यावी लागते,’ ही तक्रार म्हणून हवामानशास्त्राशी जुळणारी आहे. ही कुटुंबे येण्याआधीच, 2013 मध्ये, केईएम रुग्णालयाने केलेल्या पाहणीत माहुल परिसरातल्या सुमारे 67 टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पीठाने डिसेंबर 2015 मध्ये माहुल व शेजारच्या आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले. तरीही कुटुंबे तिथे गेली. विस्थापितांनी ऑक्टोबर 2018 पासून विद्याविहारला रस्त्यावर मुक्काम ठोकून आंदोलन केले. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा 15,000 रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. वास हा बेंझीनचा मापक नव्हे. नाकाला बेंझीन कळते ते मर्यादेच्या शेकडो पट झाल्यावर. त्याआधी जो उग्र दर्प येतो तो बहुधा गंधकयुक्त संयुगांचा असतो. वास येणे म्हणजे वाफ सुटत असल्याची खूण. वास नसणे म्हणजे हवा निर्धोक, असे मात्र नाही. म्हणूनच तक्रार आली की दुसऱ्या दिवशी येऊन नमुना घेण्यात फारसा अर्थ राहत नाही. तमिळनाडूतील कडलूरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या गावकऱ्यांनी 2004 पासून यावर साधा उपाय केला: झाकणबंद बादलीत खास पिशवी बसवून, वास येतो त्याच क्षणी हवा भरून घ्यायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची.

इतर स्रोत : पेट्रोलमधील शिसे 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झाले. भारत स्टेज सहा या इंधनमानकाच्या पेट्रोलमध्ये बेंझीन 1 टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. लाकडाच्या अर्धवट ज्वलनातून बेंझो-ए-पायरीन निघते. मुंबईतल्या पावाच्या भट्ट्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर न्याव्यात, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला.

कुंपणावरील मापन : अमेरिकेतील तेलशुद्धीकरण कारखान्यांना 2015 च्या नियमानुसार आवाराच्या कडेने बेंझीन मोजावे लागते. बोटाएवढी धातूची नळी, आत बेंझीन शोषणारी भुकटी, एका टोकाला हवा शिरायला जागा. अशा नळ्या कुंपणावर चौफेर टांगतात आणि दर 14 दिवसांनी बदलून प्रयोगशाळेत पाठवतात. सर्वाधिक आणि सर्वांत कमी वाचनांतील फरकाची वार्षिक सरासरी घनमीटरमागे 9 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की कारण शोधून दुरुस्ती करणे कारखान्यावर बंधनकारक असते, आणि आकडे लोकांसाठी खुले असतात. या नळीला वीज लागत नाही, पंप लागत नाही. चौदा दिवस ती रात्रीही उघडी असते.