भाड्याच्या घरांचा पुरवठा आणि घरदुरुस्तीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : नंदुरबार जिल्हा)

प्रस्तावना

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 16,48,295 असून त्यांपैकी सुमारे 17 टक्के लोक शहरी भागात राहतात. जिल्हा मुख्यालयामुळे बदलीवर येणारे कर्मचारी, शिक्षक, तसेच अक्राणी, अक्कलकुवा या दुर्गम तालुक्यांतून शिक्षणासाठी येणारे विद्यार्थी यांना भाड्याच्या घराची गरज भासते. घर भाड्याने मिळणे आणि मिळालेले घर राहण्याजोगे असणे हे दोन प्रश्न बहुधा वेगवेगळे मानले जातात. महाराष्ट्राचा इतिहास पाहता ते परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत, हे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

1. भाडेनियंत्रण कायद्यांचा घरांच्या पुरवठ्यावर व दुरुस्तीवर झालेला परिणाम अभ्यासणे.
2. बांधकाम साहित्याच्या टंचाईचा या प्रश्नाशी असलेला संबंध तपासणे.
3. नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने त्यातून मिळणारा बोध स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय व जनगणना यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

अ) पहिल्या महायुद्धानंतरचा काळ : महायुद्धाच्या काळात मुंबईत घरभाडी झपाट्याने वाढल्याने 1918 मध्ये पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. पाठोपाठ गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 1920 मध्ये मुंबई विकास विभाग स्थापन झाला. त्याने कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधण्याची योजना आखली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या आणि त्यांत सुमारे 16,000 खोल्या झाल्या. युद्धोत्तर महागाईमुळे बांधकाम खर्चिक ठरले, भाडे कामगारांना परवडेना आणि वरळीतील अनेक खोल्या आरंभी रिकाम्या राहिल्या. केवळ खोल्यांची संख्या वाढली म्हणजे गरजूंना घर मिळते असे नाही, हे यावरून दिसते.

ब) गोठविलेले भाडे : दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, 1939 मध्ये, पुन्हा नियंत्रण आले. त्यानंतरचा 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा 13 फेब्रुवारी 1948 पासून अमलात आला. 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे ठरले. मुळात तात्पुरत्या असलेल्या या कायद्याला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या काळात या कायद्याने असंख्य कुटुंबांना बेघर होण्यापासून वाचविले, हे नाकारता येणार नाही. मात्र गवंडी, सुतार, लाकूड, चुना यांचे दर वाढत असताना भाडे जागच्या जागीच राहिले. दुरुस्तीची कायदेशीर जबाबदारी घरमालकावर होती; परंतु मिळणाऱ्या भाड्यात ती पार पाडणे परवडत नव्हते. कायद्याने बंदी असूनही पागडी रूढ झाली. ही रक्कम घराच्या डागडुजीसाठी खर्च करण्याचे कोणावरही बंधन नव्हते. भाडेकरूला संरक्षण मिळाले, घराला मात्र मिळाले नाही.

क) साहित्याची टंचाई : पुरवठ्याचा सर्व दोष भाडेकायद्याला देणे योग्य होणार नाही. दुसऱ्या महायुद्धापासून सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. ते फेब्रुवारी 1982 मध्ये अंशतः आणि मार्च 1989 मध्ये पूर्णतः उठले. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी 1982 मध्ये पद सोडावे लागले, ते सिमेंट वाटपाच्या वादातूनच. ज्या काळात सिमेंटसाठी परवाना लागत असे, त्या काळात इच्छा असलेल्या मालकालाही घर दुरुस्त करणे सोपे नव्हते.

ड) शासनाचा हस्तक्षेप : मुंबईतील घरे कोसळू लागल्याने 1969 च्या कायद्यान्वये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. 19,642 इमारती उपकराच्या कक्षेत आल्या. त्यांतील 16,502 इमारती सप्टेंबर 1940 पूर्वीच्या होत्या. पुढे 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1940 च्या पातळीवर भाडे गोठविणे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे मत नोंदविले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि दरवर्षी 4 टक्के भाडेवाढ मान्य झाली. तोवर अनेक इमारतींचे आयुष्य संपत आले होते. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून 33 जणांचा मृत्यू झाला.

इ) नंदुरबारचा संदर्भ : खानदेशातील पारंपरिक धाब्याच्या घरात लाकडी तुळयांवर मातीचे छत असते. त्यावर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकावी लागते. दुरुस्ती ही येथे दरवर्षीची बाब होती आणि ती बव्हंशी घरच्या श्रमांतून होत असे. बदलीवर आलेला भाडेकरू हे काम करीत नाही आणि दुसरीकडे राहणारा मालक त्याकडे लक्ष देतोच असे नाही. शिवाय सातपुड्यातील सागाचे लाकूडही पूर्वीसारखे सुलभ राहिले नाही. 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेखेरीज वनांतील वृक्षतोड थांबविली. वनरक्षणासाठी हे आवश्यकच होते. परंतु कुजलेली तुळई बदलण्याऐवजी घर पाडून सिमेंटचे बांधण्याकडे कल वाढण्यास अशी परिस्थिती पोषक ठरते. नवे घर महाग पडते आणि त्याचे भाडेही त्याच प्रमाणात वाढते.

निष्कर्ष

1. भाडे आणि दुरुस्तीखर्च यांचा मेळ तुटल्यास प्रथम घराची अवस्था खालावते व पुढे भाड्याच्या घरांचा पुरवठाच आटतो.
2. केवळ भाडेवाढीची मोकळीक हा उपाय नव्हे. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे 1 कोटी 10 लाख घरे रिकामी आढळली. घरे असणे आणि ती भाड्याने मिळणे यांत अंतर आहे.
3. 1999 च्या अधिनियमातील कलम 55 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अशा करारात दुरुस्तीची जबाबदारी स्पष्ट लिहिली जाणे आवश्यक आहे.
4. मुंबईला दुरुस्ती मंडळ स्थापन करावे लागले, ते इमारती कोसळू लागल्यावर. नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा ही शहरे अद्याप आकाराने लहान आहेत. जुन्या भाड्याच्या घरांची पाहणी पावसाळ्यापूर्वी नियमितपणे करणे येथील नगरपालिकांना आजच शक्य आहे.