करवतलेली व्होल्वो

मराठीत 'व्होल्वो' म्हणजे बस. 'रात्रीची व्होल्वो पकडतो' म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात स्वीडन नसतं. एसी, पाण्याची बाटली आणि घाटातली मळमळ असते. २००१ पासून बंगळुरूजवळच्या होसकोटेला या बसगाड्या तयार व्हायला लागल्या आणि बघता बघता कंपनीचं नाव सामान्यनाम झालं, डालडा किंवा झेरॉक्ससारखं. नोकरीसाठी गोथेनबर्गला आलो तेव्हा ही कंपनी मोटारीही बनवते, त्या दणकट असतात, इतपत माहिती मला होती. पण इथल्या खेड्यांत जुन्या व्होल्वो मागून कापून त्यांचे 'ट्रॅक्टर' करतात, ते पंधरा वर्षांची मुलंमुली चालवतात, आणि हे सगळं कायद्याच्या चौकटीत चालतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

जुन्या स्वीडिश गाड्या म्हटल्या की छायाचित्रांच्या जाडजूड पुस्तकांत दोनतीन नावं हटकून येतात. १९५६ ते १९७० या काळात निघालेली ॲमेझॉन. तिच्याआधीची, पाठीला पोक आलेली पीव्ही. आणि १९६१ ची देखणी पी-१८००, जिच्या एका अमेरिकन मालकाने एकाच गाडीत तीस लाख मैल पार केले. या गाड्या जपणारे क्लब आहेत, त्यांचे मेळावे भरतात, त्यांच्यासाठी विम्याच्या खास योजना आहेत. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र त्या करवतलेल्या गाडीने पछाडलं. माझं मत असं झालंय की स्वीडनच्या खेड्यापाड्यांत बापाकडून लेकीकडे वेल्डिंगची कला गेली, ती या जपलेल्या गाड्यांमुळे कमी आणि कापलेल्या गाड्यांमुळे जास्त.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासची. स्वीडन युद्धात नव्हता, पण १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वे घेतल्यावर समुद्राकडची वाट जवळजवळ बंद झाली. पेट्रोल मिळेना. लाकूड-कोळशाच्या धुरकट वायूवर गाड्या पळू लागल्या. ट्रॅक्टर तर आधीही लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचेच होते, आता ते मिळणंही मुश्कील झालं. मग जुन्या मोटारींवर करवत चालली. मागची बॉडी काढायची, तिथे लाकडी हौदा बसवायचा, गिअर बदलून वेग मारायचा आणि ओढायची ताकद वाढवायची. हे आधीपासून चालू होतंच. १९४० मध्ये सरकारने त्याला नियम घालून दिले. धान्य पिकायला हवं होतं, त्यामुळे सरकारही नाक मुरडण्याच्या परिस्थितीत नव्हतं.

या वाहनाला लोकांनी नाव दिलं 'एपा'. १९३० मध्ये सुरू झालेल्या एका स्वस्त दुकानसाखळीचं हे नाव. सगळा माल ठरावीक, कमी किमतींत. हळूहळू 'एपा' म्हणजे हलका माल, सवंग वस्तू, असा अर्थ रूढ झाला. आपल्याकडे 'चायना माल' म्हणतात, तसंच. नाव ठेवणाऱ्यांनी हिणवायला ठेवलं आणि चालवणाऱ्यांनी ते मिरवलं.

युद्ध संपलं, खरे ट्रॅक्टर आले. एपाचं शेतातलं काम संपलं. तिथेच ती मरायला हवी होती, पण नियमातल्या एका फटीने ती वाचली. कागदोपत्री ती ट्रॅक्टर होती, त्यामुळे मोटारीचा परवाना मिळायचं वय होण्याआधीच ती चालवता येई. ज्या गावातून शाळा वीस किलोमीटर आणि मित्र पंधरा किलोमीटर लांब, बस दिवसातून दोनदा, आणि नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार, तिथल्या पोरांना ही फट म्हणजे वरदान वाटली तर नवल नाही. शहरी माणसाने तिला टवाळखोरांची गाडी म्हणावं आणि खेड्यातल्या पोराने तिच्या जोरावर शाळा गाठावी, हा झगडा तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. १९७५ मध्ये सरकारने नव्या एपांची नोंदणी थांबवून त्या जागी 'ए-ट्रॅक्टर' नावाचा जरा कडक नियमांचा प्रकार आणला. जुन्या एपा राहू दिल्या. लोक दोन्हींना एपाच म्हणतात.

आता थोडं तांत्रिक. वाहनाला ताशी ३० किलोमीटरच्या वर जाता येऊ नये, ही अट. ती पाळायची जुनी युक्ती मला फार आवडते: गाडीच्या गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक गिअरबॉक्स जोडायचा आणि तो कायमचा पहिल्या गिअरमध्ये अडकवून टाकायचा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण तीनास एक असतं. म्हणजे आधी शंभरने पळणारी गाडी त्याच इंजिनावर तिशीच्या आसपास अडखळते. तेवढ्याच पटीत चाकांवरचा जोर वाढतो, म्हणजे ट्रॅक्टर असल्याचा दावाही खरा ठरतो. नियम कागदावर नाही, दातेरी चक्रांत कोरलेला आहे. अर्थात दुसरा गिअरबॉक्स हळूच 'मोकळा' करणारे महाभागही होतेच.

या युक्तीमुळे कुठली गाडी कापली जाणार हेही ठरलं. इंजिन पुढे उभं, त्यामागे गिअरबॉक्स, त्यामागे लांब शाफ्ट आणि ताकद मागच्या चाकांना, अशी मांडणी असेल तरच मध्ये दुसरा गिअरबॉक्स घुसडता येतो. ट्रोलहेत्तानच्या विमान-कारखान्यातून जन्मलेली साब इथेच बाद झाली. सिक्स्टेन सासोनने आखलेली, थेंबाच्या आकाराची, दोन-स्ट्रोक इंजिनाची ती गाडी पुढच्या चाकांवर चालायची. एरिक कार्लसनने १९६२ आणि १९६३ ची मॉन्टे कार्लो रॅली साबमधून जिंकली खरी, पण ती कापून ट्रॅक्टर करायचा म्हटलं तर मागच्या बाजूला काही नाहीच.

व्होल्वोत मात्र सगळं होतं, आणि ड्युएटमध्ये तर जरा जास्तच. पीव्ही-४४४ चा सांगाडा म्हणजे तिची बॉडीच. ती कापली की गाडी कमरेतून वाकणार. पण तिच्या भावंडाला, पीव्ही-४४५ ला, खाली ट्रकसारखी वेगळी चासी होती. ती नुसती चासी म्हणून विकली जाई आणि वरची बॉडी लोक बाहेरून बांधून घेत. १९५३ मध्ये व्होल्वोने स्वतःच त्यावर डबा चढवून ड्युएट काढली: आठवडाभर दुकानाचा माल वाहायचा आणि रविवारी कुटुंबाला फिरवायचं, दोन गाड्या एकीत. १९६९ पर्यंत ती निघत होती. चासी वेगळी असल्याने मागचा डबा कापला तरी खालचा कणा शाबूत राहतो. ड्युएटच्या या चांगुलपणानेच तिचा घात केला. आज क्लबवाले अखंड ड्युएट शोधत हिंडतात आणि हळहळतात, की किती गाड्या पोरांनी कापल्या!

ही हळहळ खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. ड्युएट पुन्हा होणार नाहीत. पण माझ्या एका सहकारी बाईंच्या माहेरी, गोथेनबर्गपासून दीडेक तासावरच्या गावात, या प्रश्नाची दुसरी बाजू बघायला मिळाली. तिथे शेताकडेच्या लाकडी कोठारात तीन गाड्या आहेत. एक ॲमेझॉन, पूर्ण सुटी केलेली. मी उत्साहाने मदतीला सरसावलो तेव्हा तिच्या वडिलांनी माझ्या हातातला तेराचा पाना काढून घेतला. त्या काळच्या व्होल्वोचे आटे इंचांत आहेत, मेट्रिक पाना लावला तर नटाचे कोपरे झिजतात. दुसरी गाडी म्हणजे पंधरा वर्षांच्या नातीची व्होल्वो २४०, जी ए-ट्रॅक्टर होण्याच्या मार्गावर आहे. आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक ड्युएट, मूळची १९६१ ची, आजोबांनी सोळाव्या वर्षी आपल्या वडिलांबरोबर कापलेली.

नात त्यांना 'मोरफार' म्हणते. मोर म्हणजे आई, फार म्हणजे वडील; आईचे वडील आणि वडिलांचे वडील यांना स्वीडिशमध्ये वेगळे शब्द आहेत. मराठीची नातेसंपदा मिरवणाऱ्या मला हे जरा लागलंच.

तर वाद ड्युएटचा होता. मोरफारना ती आता पूर्ववत करायची होती: हौदा काढायचा, दुसऱ्या सडक्या ड्युएटचा मागचा डबा आणून जोडायचा, १९६१ ला कारखान्यातून निघाली तशी गाडी उभी करायची. आपण पोरवयात केलेली नासधूस निस्तरायची, असा त्यांचा सूर. नातीचं म्हणणं नेमकं उलट. कारखान्यातून तशा हजारो निघाल्या, पण मोरफारने आणि त्याच्या बाबांनी हातांनी केलेली ही एकच आहे. तो डबा जोडलात तर अर्धी गाडी कुणा तिसऱ्याचीच होईल, मग अस्सल कुठली?

मी नातीच्या बाजूचा आहे, आणि ते केवळ भावनेपोटी नाही. गाडीचं 'मूळ रूप' ही कल्पना कायद्यांना आणि लिलावांना सोयीची असते. आपल्याकडे २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच बसते. त्यामागचं कारण समजतं. पण त्या व्याख्येत राजघराण्यांच्या मोटारखान्यातली गाडी आरामात बसते, आणि जी पन्नास वर्षं राबली, जिचं इंजिन बदललं, जिला लोहाराने नवा पत्रा ठोकला, ती बाहेर राहते. राबलेल्या वस्तूचा इतिहास तिच्या ठिगळांतच असतो.

एपाचं उदात्तीकरण मात्र करायला नको. १९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलिन या अभियंत्याचा तीन-बिंदू सुरक्षापट्टा पीव्ही आणि ॲमेझॉनमध्ये बसू लागला, कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला, आणि त्याने जगभर असंख्य जीव वाचवले. त्याच कंपनीच्या कापलेल्या गाड्यांमधून कित्येक वर्षं पोरं पट्ट्याविना फिरत राहिली. २०२० मध्ये नियम सैल झाले, वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने रोखायला परवानगी मिळाली, दुसऱ्या गिअरबॉक्सची गरज संपली. ए-ट्रॅक्टरांची संख्या भराभर वाढली, अपघातही वाढले. शेवटी २०२३ मध्ये आसन आणि पट्टा सक्तीचा झाला. पट्ट्याचा शोध लागल्यानंतर चौसष्ट वर्षांनी. सॉफ्टवेअरवर पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, मला तो जुना दुसरा गिअरबॉक्सच जास्त विश्वासाचा वाटतो. तो 'मोकळा' करायला गाडीखाली झोपून हात काळे करावे लागत. सॉफ्टवेअरची मर्यादा लॅपटॉपवरून उठते, आणि उठवणाऱ्याला गाडीबद्दल काही कळावंच लागत नाही.

नातीच्या २४० मध्येही वेग सॉफ्टवेअरनेच बांधायचा असा तिच्या आईचा आग्रह होता, वेळ वाचतो म्हणून. मोरफारनी ऐकलं नाही. दोन शनिवार त्या दोघांनी गाडीखाली घालवले, शाफ्ट कापून आखूड केला, गिअरबॉक्ससाठी आडवी पट्टी वेल्ड केली. पहिलं वेल्डिंग तिचं, ते तुटलं. दुसरंही तिचंच, ते टिकलं.

ड्युएटचा हौदा राहणार, एवढं आता ठरलंय. कुजलेल्या फळ्यांच्या जागी घरच्याच रानातल्या स्प्रूसच्या फळ्या येतील. केबिनच्या मागे, जिथे करवत फिरली होती, तिथला जोड ओबडधोबड आहे. त्यावर लांबी भरून तो सपाट करायचा नाही, ही नातीची अट मोरफारनी कुरकुरत मान्य केली. वाद उरलाय रंगाचा. सीटखालचा पत्रा खरवडला तेव्हा तळाशी कारखान्याचा करडा निघाला आणि त्यावर लाल, पणजोबांच्या ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातून उरलेला, ब्रशने लावलेला. मोरफारना करडा हवाय. नातीने लाल रंगाचा डबा आधीच आणून ठेवलाय, आणि सोबत ब्रश.